पुस्तकाचं सुतक

आमच्या हिनं आणि मी शेवटचं मिळून काय केलं, तर ओट्यावर बसून वाल सोलले. संध्याकाळी ती गेली. घरात चूल पेटवायची नव्हती, तेव्हा शेजाऱ्यांनी जेवू घातलं. घास उतरला, म्हणून मी उभा राहिलो.

परवा शेजारचे प्राध्यापक पायरीवर नुसतेच बसलेले दिसले. बारा वर्षं खपून लिहिलेलं पुस्तक कुणी छापायला तयार नाही.

"दोन दिवस जेवलो नाही, काका. हसाल तुम्ही."

"हसू कशाला? सुतकच की ते."

माणूस मेलं की शेजार धावतो. मेहनत मेली की कुणाला पत्ताही नसतो. मी चौथी शिकलेला, पण एवढं कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिठलं-भाकरी करून त्यांच्याकडे गेलो. दुसऱ्या घासाला म्हणाले, "काका, मीठ विसरलात."

जिभेला चव आली म्हणायची. मला बरं वाटलं.