सांध्यांपुरतं तेल

दुष्काळात मिरजगावच्या रस्त्यावर आम्ही खडी फोडायचो, तेव्हा साहेबांची जुनी मोटार रोज पाहणीला यायची. साहेब मुकादमाशी बोलत सावलीला बसले, की ड्रायव्हर बॉनेट उघडायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. राग मात्र अजून गेलेला नाही.

अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलपासून इंजिनापर्यंत एक बारीक दांडी जाते. तिच्या सांध्यांत धूळ बसली, की ती अडकते. तो ते सांधे चिंधीने असे पुसायचा, की जणू तान्ह्या पोराचे डोळे पुसतोय. मग एकेका सांध्यात तेलाचा थेंब सोडायचा आणि दांडी हाताने ओढून बघायचा. ती झटकन मागे गेली, की स्वतःशीच मान डोलवायचा.

एकदा माझ्या शेजारची मावशी उठून त्याच्याकडे गेली. तिच्या बोटांच्या भेगांतून रक्त येत होतं.

"दादा, दोन थेंब हातावर सोड की रं."

त्याने बुधली मागे घेतली. "तेल गाडीचं हाय, मावशे. ही दांडी अडकली तर साहेब मला इचारत्यात. तू आडवी झालीस तर तुज्या जागी दुसरी येती."

आवाजात जरासुद्धा राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मावशीने परत येऊन हातोडी उचलली.

तेवढ्यात साहेब आले. त्यांची नजर आमच्या सगळ्यांवरून फिरून उघड्या बॉनेटवर थांबली.

"आता त्रास नाही ना काही?" त्यांनी दांडीकडे बघत विचारलं.

अख्ख्या दुष्काळात त्या रस्त्यावर साहेबांनी केलेली तेवढी एकच चौकशी मी ऐकली.