तिसऱ्या गाण्यातला बारीक सूर

मोठ्या भावाने एका इंग्रजी अल्बमची कॅसेट भरून आणली, तेव्हा तो वाळूजच्या कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या पॉवर प्रेसवर होता. दुष्काळात अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, निम्म्या मेंढ्या विकल्या, उरलेल्या घेऊन ते गोदाकाठाला गेले आणि भाऊ मला घेऊन शहरात आला. पाऊस झाला की त्याने परत जाऊन कळप सांभाळायचा, असे ठरले होते. तोही त्याच आशेवर होता.

टँकरची वाट बघत आम्ही खोलीत ती कॅसेट ऐकायचो. गिटार नाही, ढोल नाही. सगळे सिंथेसायझर आणि यंत्राचा ठोका. गायकाचा आवाज थंड. चाल नाचायची, पण आत कुणीतरी एकटे. तिसऱ्या गाण्यात ठोक्यावरून काचेसारखा एक बारीक सूर धावायचा.

"ही बी मशीनच," भाऊ म्हणायचा, "पर आमच्या प्रेसवानी बोंबलत नाय."

प्रेसवर कानात घालायला कापूस मिळे. भाऊ तो खिशात ठेवी. चुकलेले कोकरू आवाजावरून शोधणारा माणूस. मशीनही कानानेच चालवी. डाय, म्हणजे साचा, सैल झाली की ठोका बदलतो, कापूस घातला तर कळणार कसे, असे त्याचे म्हणणे.

दुसऱ्या उन्हाळ्यात तो म्हणू लागला, कॅसेट झिजली, तो बारीक सूर गेला. टेपचे हेड स्पिरिटने पुसून झाले. शेवटी तो मला घेऊन गुलमंडीतल्या दुकानात गेला.

"घासलेली पट्टी दिली तुम्ही."

दुकानदाराने कॅसेट आपल्या डेकवर लावली. "आवाज तो पूरा है, भाई. टेप बदलू का कान?"

गिऱ्हाइके हसली. भाऊही हसला. मग माझ्याकडे वळला.

"तुला ऐकू येतो?"

"येतो."

"आत्ता बी?"

मी काउंटरच्या काचेवर त्या सुराबरोबर बोट आपटू लागलो. गाणे संपेपर्यंत तो बोटाकडे बघत राहिला.

बाहेर आल्यावर म्हणाला, "अण्णाला सांगू नको. कोकराचा आवाज बी असाच बारीक असतो."

"आन् पाऊस झाला तर?"

"कंपनी सोडत नाय म्हण."

त्या पावसाळ्यात चारा चांगला झाला. वडील त्याला न्यायला स्वतःच आले.