सोमीची दुपारची नजर
सन शहाऐंशीत बोईसरच्या आमच्या औषध कारखान्यात सोमी इंजेक्शनच्या बाटल्या तपासायची. एकेक बाटली दिव्यासमोर धरायची आणि आतला कण हुडकायचा. डोंगराकडच्या पाड्यावरून ती पहाटेच चालत निघायची. सकाळी तिच्या नजरेतून मुंगीचा पायही सुटत नसे. दुपारी दोननंतर मात्र दिसेल ती बाटली “चांगली हाय” म्हणून पुढे सारायची. तिच्या कागदावर ‘लक्ष कमी’ हा शेरा सुपरवायझर म्हणून मीच लिहिला. अक्षर माझं सुरेख आहे.

कॅन्टीन फक्त कायम कामगारांना होतं. कायम व्हायला दुपारची परीक्षा लागायची, त्यात चांगल्या बाटल्यांत मिसळलेल्या पन्नास खराब बाटल्या शोधायच्या. सोमी कंत्राटी, म्हणजे पहाटेच्या कोऱ्या चहावर संध्याकाळपर्यंत. ती दोनदा नापास झाली. संधी तीनच मिळायच्या.

एकदा कंपनीच्या डॉक्टरांनी व्याख्यान दिलं. मेंदू वजनाला एवढासा, पण खाल्लेल्यातला पाचवा वाटा एकटा फस्त करतो. पोटाची सतत आबाळ झाली की तोही काटकसर करतो. डोळे उघडे असतात, पण बारकावे टिपणं त्याला परवडत नाही. साहेब लोकांना हे इतकं पटलं, की त्यांच्या मीटिंगमध्ये काजू सुरू झाले.

मला पटलं ते संकष्टीला. नुसत्या चहावर होतो. दुपारी सहज सोमीच्या जागी बसून परीक्षेच्या बाटल्या तपासल्या, तर अकरा सुटल्या. मला माझीच लाज वाटली. माझा उपास एका दिवसाचा, तोही पुण्यासाठी.

तिसऱ्या परीक्षेच्या दिवशी माझं कॅन्टीनचं ताट मी जिन्याखाली नेऊन गुपचूप तिला दिलं. कंत्राटी बाईला ताट देणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं.

“आन तुमी, साहेब?” तिनं विचारलं.

“मला काय, शेरेच तर लिहायचेत.”

सोमीनं पन्नास बाटल्या काढल्या. वर एक्कावन्नावी, जी आम्हीच चांगली समजून ठेवली होती.

मॅनेजर खूश झाले. “बघा भगवंतराव, कॅन्टीनशिवाय एक्कावन्न! डॉक्टर काहीही सांगतात. मग यांना कायम करून जेवायला कशाला घालायचं? आहे तशीच राहू दे हिला.”

सोमी माझ्याकडे बघत राहिली. ताटाचं आता मीच सांगायला हवं होतं. माझ्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. तरी तोंड उघडलं तर आपली नोकरी जाईल, हे मात्र मला लख्ख दिसलं.