ब्लाझेनाबाईंची अर्धवट शिफ्ट

आमच्या खाणीत पाणी भरून तीस वर्षं होऊन गेली, तरी मी तिला खाणच म्हणतो. ब्रनो शहरातून शनिवार-रविवारी येणारे पाणबुडे तिला तळं म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांच्या सिलिंडरांत हवा भरायची आणि वर आले की त्यांना लसणाचं सूप आणि रम घातलेला चहा द्यायचा, एवढं माझं काम. मी स्वतः कधी पाण्यात उतरलो नाही. पाणी चहापुरतं ठीक असतं.

ब्लाझेनाबाई मात्र उतरल्या, आणि त्याही सहासष्टाव्या वर्षी.

खाण चालू होती तेव्हा त्या क्रेन चालवायच्या. खालच्या टप्प्यावर लोखंडी मनोरा, मनोऱ्यावर काचेची केबिन, केबिनमध्ये त्या, आणि खाली मी. मी ग्रॅनाइटच्या दगडाला साखळी बांधायचो आणि हाताने खुणा करायचो, की वर घ्या, खाली सोडा, थांबा. यंत्रांच्या गोंगाटात तोंडाने बोलणं शक्यच नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत त्या खाली यायच्या नाहीत, कारण शिडी उतरण्याचढण्यातच सुट्टी संपली असती. डबा वरच खायच्या. बारा वर्षं आम्ही एकत्र काम केलं आणि बोललो ते सगळं हातांनी.

त्यांचा एक नियम होता. खुणा करणारा माणूस दिसत नसेल तर हुक हलणार नाही. साहेब खालून घसा फुटेस्तोवर ओरडला तरी नाही. पण आमच्याकडे ऑक्टोबरात असं धुकं उतरतं की स्वतःचे बूट दिसत नाहीत. मग मी हातोडीने मनोऱ्याच्या पायावर टोले द्यायचो. दोन टोले म्हणजे खाली, तीन म्हणजे वर. आणि मधे मधे एकच टोला दिला, की थांबा, मी इथेच आहे. दिवसाच्या शेवटी मात्र टोले त्यांचे. हातात पाना घेऊन त्या केबिनच्या चौकटीवर असा खडखडाट करायच्या की अख्खी खाण हातातलं खाली ठेवायची. शिफ्ट संपली.

शेवटच्या दिवशी तो खडखडाट झालाच नाही. भर दुपारी ऑफिसातला माणूस आला, कंपनी बंद झाली म्हणाला, आणि सगळ्यांना घरी पिटाळलं. मग पंप थांबले. वसंत ऋतू येईतो पाणी केबिनच्याही वर गेलं. ब्लाझेनाबाई शाळेच्या स्वयंपाकघरात लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. रस्त्यात भेटलो की आम्ही मान हलवायचो. तेवढ्यावर भागत होतं.

मागच्या मे महिन्यात त्या माझ्या टपरीपुढे येऊन उभ्या राहिल्या. केस नेहमीसारखे गुरुवारी सेट केलेले, हातात पर्स. इथे शिकवतं कोण, म्हणाल्या. मी म्हटलं, नातवाला शिकायचंय का?

"मला शिकायचंय," त्या म्हणाल्या. "माझी शिफ्ट अजून संपलेली नाही, ओताकार. खाली जाऊन तो खडखडाट केला की मी मोकळी."

मी हसलो नाही. गाव मात्र पोट धरून हसलं. साठी बुद्धी नाठी, असं बेकरीवाली माझ्या तोंडावर म्हणाली, जणू शिकवणी मीच घेणार होतो. शिकवणार होता राडिम. हा तिशीतला दाढीवाला इतका शांत, की अंगावर मधमाशी बसली तर तीच कंटाळून उडून जाईल. त्याने बाईंना डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरने छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, कुरकुरत सही केली, आणि हा कागद याच वर्षापुरता, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू, असं बजावलं. त्याचा अर्थ बाईंना कळला होता.

उन्हाळ्यातसुद्धा आमच्या खाणीत वरचं पाणी तेवढं कोमट असतं. माणसाच्या उंचीच्या दोनतीन पट खाली गेलं की बर्फाच्या पेटीत पाय घातल्यासारखं होतं. म्हणून इथे अंगाला पाणी लागू न देणारा जाड सूट घालतात. त्याच्या गळ्याचं रबर एवढं घट्ट, की पहिल्यांदा बाईंचं डोकं त्यातून बाहेर काढायला आम्ही दोघं लागलो. टाल्कम पावडरचा अर्धा डबा संपला.

"परत एकदा जन्माला आले," डोकं बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या. "या खेपेला आईला कमी त्रास झाला."

पुढे नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. सुटातली हवा एकदा पायांत गेली आणि बाई उलट्या झाल्या, डोकं पाण्यात, पाय आभाळाकडे, अगदी चारा खाणाऱ्या बदकासारख्या. राडिमने त्यांना सुलट केलं. त्या शिव्या घालतच वर आल्या आणि पुन्हा खाली गेल्या. जुलैपर्यंत त्या पाण्यात अशा तरंगायला लागल्या, की जुने पाणबुडे नवशिक्यांना त्यांच्याकडे बोट दाखवून शिकवायचे.

अडलं ते मास्कपाशी. केबिनकडे जायची परवानगी मिळायच्या आधी एक परीक्षा असते. खालच्या लोखंडी मंचावर गुडघे टेकून बसायचं, डोळे-नाक झाकणारा मास्क काढायचा, थोडं थांबायचं, परत घालायचा आणि नाकाने हवा सोडून आतलं पाणी बाहेर काढायचं. श्वास तोंडातल्या नळीतून चालूच असतो, घाबरण्यासारखं काही नाही, असं राडिम सांगतो. पण थंडगार पाणी डोळ्यांवर आलं, की भल्याभल्यांना वर पळावंसं वाटतं. बाई तर दर वेळी सुटलेल्या बुचासारख्या वर यायच्या. ऑगस्टमध्ये आल्या, सप्टेंबरमध्येही आल्या. मी आपला उंटावरून शेळ्या हाकत होतो. घरी पावसाच्या पिंपात तोंड बुडवून बसा, म्हणायचो. तेही त्यांनी रोज सकाळी केलं. थंडीची सवय झाली, तरी वर येणं थांबेना.

ऑक्टोबर लागला. महिना संपला की राडिम डोंगरात स्कीइंग शिकवायला जाणार होता, आणि डॉक्टरचा कागद पुढच्या वर्षी चालणार नव्हता. त्या दिवशी पुन्हा एकदा वर आल्यावर बाई माझ्या बाकावर बसल्या. केस गालांना चिकटलेले, सूप तसंच पुढ्यात. त्यांना इतकं खचलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते अजिबात बघवेना.

"थंडीचं काही नाही हो," त्या म्हणाल्या. "मास्क काढला की राडिम दिसेनासा होतो. समोर नुसतं हिरवं. आणि माणूस दिसला नाही, की माझं डोकं म्हणतं, बंद कर सगळं."

 मी म्हटलं, "म्हणजे धुकं आहे, एवढंच ना?"

त्यांनी मान वर केली. दोघांनाही एकदमच आठवलं.

कड्याला ठोकलेली जुनी लोखंडी शिडी अजून तशीच आहे. आम्ही रोज तिच्यावरून कामाला उतरायचो. आता तिची वरची टोकं माझ्या धक्क्याशी निघतात आणि बाकीची शिडी पाण्यात जाते, मंचावरून पुढे थेट क्रेनच्या टप्प्यापर्यंत. राडिमला विचारलं, की पाण्यात टोला ऐकू येईल का? तो म्हणाला, हवेत येतो त्याहून चांगला येईल. त्याने दाढी खाजवली आणि नियमात हातोडीला मनाई कुठेच नाही, असंही म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोघं खाली गेले. ठरल्याप्रमाणे राडिमने पाण्यावर तरंगणारा केशरी बोया खालून दोरीने ओढून बुडवला. म्हणजे मास्क निघाला. मी गुडघ्यांवर बसून शिडीवर एक टोला दिला. थोडं थांबून आणखी एक. थांबा, मी इथेच आहे. बुडबुडे येत राहिले, बाई येईनात. माझे गुडघे दुखायला लागले, शेजारी उभे असलेले ब्रनोचे पाणबुडे हसत होते, मग हसायचे थांबले. मी टोले देतच राहिलो. बऱ्याच वेळाने बोया परत वर उडाला, आणि मागोमाग दोघं सावकाश वर आले. बाईंचा मास्क तोंडावर होता. मला रडू आलं, ते मी वाऱ्यावर ढकललं.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्या केबिनकडे निघाल्या. त्या आधी त्यांनी सुटाच्या खिशात घरून आणलेला पाना घातला. पाण्यात आडव्या होऊन त्यांनी राडिमकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मी हात पसरला आणि तळवा सावकाश खाली नेला. हुक सोडा, हळूहळू. त्या गेल्या.

मी शिडीला कान लावून बसलो. लोखंड बर्फासारखं गार होतं. काहीच येईना. एक पाणबुडा तणतणत वर आला. केबिनमध्ये शिरल्याशिरल्या म्हाताऱ्या बाईंनी हातमोज्याने काच पुसली, म्हणाला, आणि तीस वर्षांचा गाळ उठवला. आता कुणालाच काही दिसत नाही. मी त्याला गप्प बस म्हटलं.

कारण शिडी वाजायला लागली होती. आधी दबकत, मग जोरात. तोच खडखडाट. शिडीच्या पायरीपायरीतून, माझ्या कानातून, थेट दातांपर्यंत आला. माझ्या मांडीवर हातोडी होती. ती मी खाली ठेवली.

वर आल्यावर त्यांचे ओठ निळे झाले होते आणि केसांची पार वाट लागली होती. कुणीतरी विचारलं, खाली कसं वाटलं? काच फार घाण झाली होती, म्हणाल्या. मी सूप वाढलं. नेहमी त्यांचा वाडगा मी खिडकीतून बाहेर द्यायचो, तसाच दिला. तो घेऊन त्या दार ढकलून आत आल्या आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसल्या.

"शिफ्ट संपली," त्या म्हणाल्या. "आता खाली बसून जेवायला हरकत नाही ना?"

मी माझाही वाडगा भरून घेतला.