हुंगलेले हात

“हिचे हात हुंगून घे,” मालक म्हणाले. “हे नेपाळी लोक काय काय खातात, सांगता येत नाय.”

मी हुंगले. चाळीस बायकांसमोर.

ओझरजवळच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसवर मी सुपरवायझर होतो. सकाळी दारात प्रत्येकीची नखं बघायची, बांगड्या उतरवून घ्यायच्या, मग आत सोडायचं. हा नियम सगळ्यांना. हुंगणं फक्त कमलाला. नेपाळहून आलेली पस्तिशीची बाई. द्राक्षाच्या मण्यांवरची पांढरी पावडर न पुसता घड साफ करावा, तर तिनंच.

“सर, आज काय शिजवलं होतं वो तिनं?” रांगेतून कुणीतरी विचारायचं. सगळ्या हसायच्या. मीही हसायचो. अख्खा हंगाम.

मी पेठकडचा, आदिवासी पाड्यावरचा. पहिल्या नोकरीत माझा डबा इतरांच्या डब्यांपासून लांब ठेवायला लावला होता. त्यामुळे मला कळत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. कळत होतं. तरी रोज वाकत होतो तिच्या हातांवर.

एका सकाळी तिनं हात नाकापर्यंत येऊच दिले नाहीत. कमरेशी धरले.

“नखं बघा, सर. सगळ्यांची बघता तशी. वास घेऊ देणार नाही.”

“मग घरी जा,” मालक मागून म्हणाले.

“कामाला आले मी. काढायचं तर कारण लिहून द्या.”

मालकांनी स्वच्छतेचं रजिस्टर माझ्यापुढे आपटलं. “लिही. हात घाण. कर सही.”

कमला मालकांकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

नखं स्वच्छ होती. रोजच असायची. मी तेच लिहिलं आणि सही केली.

“लय शहाणा झाला का? जा मग तूबी तिच्यासंग.”

दोघंही बाहेर. फाटकाशी मी म्हणालो, “ताई, माफ करा.”

“माफी नको मला,” ती म्हणाली. “साक्ष द्या.”

सोमवारी ती कामगार कार्यालयात तक्रार देणार आहे. मालकांचे दोन फोन येऊन गेले. आवाज एकदम मऊ. “आपसात मिटवू रे. तू आपला माणूस.”

मी त्यांचा माणूस होतो, हाच तर माझा गुन्हा. सोमवारी तिथल्या साहेबांसमोर सुरुवात मालकांपासून करणार नाही. हात हुंगणारा मी, हे आधी लिहून घ्या म्हणणार. हुंगायला लावणाऱ्याचं नाव त्यानंतर. दोन्हींतलं एकही नाव खोडू देणार नाही.