सात वेळा पुसलेलं गाणं

घड्याळकाकांच्या कानांचा गल्लीत दरारा होता. गिऱ्हाइकाने घड्याळ पुढे करावं, काकांनी नुसतं कानाशी धरून "चाकाचा दाता झिजलाय" म्हणावं आणि उघडल्यावर खरोखरच झिजलेला दाता निघावा. चाळीस वर्षांत त्यांनी एक नियम कधी मोडला नव्हता. खराब भाग क्षणभरही टेबलावर ठेवायचा नाही. चांगल्यात मिसळला तर पुन्हा घड्याळात जातो. चिमट्याने उचलायचा, पायाशी ठेवलेल्या डब्यात टाकायचा, विषय संपला.

त्या रविवारी दुपारी मात्र टेबलावर लेकीचा जुना लॅपटॉप होता, त्याला जोडलेला माईक होता आणि माईकसमोर काकू बसल्या होत्या. मंगळवारी त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं. "बोलता येईल," डॉक्टर म्हणाले होते, "गाण्याचं आत्ताच सांगता येत नाही. तोवर आवाज ताणू नका." तीस वर्षं मुलांना गाणं शिकवलेल्या बाईने हे ऐकून फक्त पर्सची चेन लावली होती. घरी आल्यावर म्हणाल्या, "लेकीला निजवायला मी रचलं होतं ना, तेवढं एक रेकॉर्ड करून ठेवा."

पहिल्यांदा काकू गायल्या तेव्हा काकांचा पुसायला काढलेला चष्मा हातातच राहिला. मग त्यांनी हेडफोन लावून ऐकलं. दुसऱ्याच ओळीत 'टिक्'. पुढे आणखी दोन, आणि शेवटच्या लांब सुरात तर आवाज तुटून पुन्हा जोडला गेल्यासारखा.

"मला नाही बाई काही ऐकू आलं," काकू म्हणाल्या.

"तुला नाही येणार. मला येतंय ना!" काकांनी ते पुसलं. लॅपटॉपची कचरापेटीही लगेच रिकामी केली.

मग त्यांनी घड्याळाला लावतात तीच पद्धत लावली: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी पंखा बंद केला. मग फ्रिज. मग ट्यूबलाइट. मग वायर बदलली, चार्जर काढला, माईक दुसऱ्या भोकात खोचला. दर वेळी काकूंनी गायचं, काकांनी ऐकायचं आणि पुसायचं.

"अहो, तपासायला नुसतं एक-दोन-तीन म्हटलं तर नाही का चालणार?"

"लांब सुरातच तुटतंय ते. पूर्ण म्हण."

"मी माणूस आहे हो! चावी दिली की चालू, असं नसतं माझं."

"लेकीला फोन लावायचा का?" असंही काकूंनी एकदा सुचवलं. ती नर्स, चारपर्यंत ड्यूटीवर. "उघडलेलं घड्याळ मी कुणाला विचारून जोडत नाही," काका म्हणाले. सहाव्या वेळी काकूंनी मध्येच कोमट पाणी मागितलं. सातव्या वेळी वरच्या सुराला आवाज चरचरला. टिक् तिथेच होती. काकांनी तेही पुसलं.

चारला लेकीचाच फोन आला. काकांनी तो स्पीकरवर टाकून टिक् टिक् सांगितली. तिने दोन प्रश्न विचारले आणि हसली.

"बाबा, सेटिंगमध्ये बफर, म्हणजे आवाज साठवायची जागा, किती आहे? चौसष्ट? अहो, म्हणजे त्याला वाटीने पिंप भरायला लावलंय तुम्ही. धावपळीत सांडतंय, तेच टिक् टिक् ऐकू येतंय. मोठी बादली द्या. पाचशे बारा करा."

काकांनी आकडा बदलला. काकू माईकमध्ये म्हणाल्या, "एक, दोन, तीन, चार... झालं का हो? चहा गार होतोय तुमचा." काकांनी ऐकलं. लख्ख! काचेसारखं स्वच्छ.

"आता म्हण!" ते जवळजवळ ओरडलेच.

काकूंनी सूर लावला. दुसऱ्या ओळीत आवाज फाटला, नुसता वारा आला.

"आई, थांब!" फोनमधून लेक म्हणाली. "आता एक अक्षर बोलायचं नाही, गायचं तर नाहीच. बाबा, किती वेळा गायली ती?"

काकांनी चालू रेकॉर्डिंग न साठवताच बंद केलं.

"बरं, पहिलं आहे ना? ते पाठवा मला. चार टिकटिकी काय, काढता येतात मागाहून."

"पुसलं," काका म्हणाले.

"कचरापेटीत असेल की."

"तीपण रिकामी करतो मी. दर वेळी."

मग लेक हळूच म्हणाली, "मी संध्याकाळी येते."

काकांनी लॅपटॉपकडे पाहिलं. पडद्यावरच्या यादीत एकच ओळ उरली होती, 'एक, दोन, तीन'च्या चाचणीची. सवयीने बोट ती पुसायला गेलंही. काकूंनी त्यांचं मनगट धरलं. दुसऱ्या हाताने हिशेबाच्या वहीचं पान फाडून त्यांनी लिहिलं आणि पुढे सरकवलं: 'त्यात मी तुम्हाला चहाला बोलावतेय. ते तरी राहू द्या.'

काकांनी चष्मा काढला. पायाशी असलेला डबा त्यांनी टाचेने टेबलाखाली लांब सरकवला. मग हेडफोनची एक बाजू स्वतःच्या कानाला, दुसरी काकूंच्या कानाला लावून त्यांनी ते अकरा सेकंद पुन्हा लावले.

चहा खरंच गार झाला होता.