पाखरांचं तास

मीने, मी आपलं गाव, बेंबळी, सोडलं तेव्हा ज्वारीची पेरणी चालू होती. जीप रस्त्यावर थांबलेली आणि अण्णा तिफण अर्ध्यातच उभी करून धुऱ्यापर्यंत, शेताच्या कडेपर्यंत आले. पाय मातीनं भरलेले. त्यांनी एवढंच विचारलं, "तिथं जाऊन नेमकं काय करणार बाई तू?" मी म्हटलं, कंप्युटरचं काम. "कंप्युटरचं काय?" मी बॅग उचलून जीपकडं निघाले. बापाला आपलं काम सांगता येत नाही, ही गोष्ट मला डब्लिनला येऊन सहा वर्षं झाली तरी खुपत होती.

आता तू विचारतेस, ताई, तुझ्या कामातल्या कंप्युटरच्या भाषांतली कुठली आधी शिकू? वाचून मी खुर्चीवरून उठलेच. घरातलं कुणीतरी माझ्या वेडात सामील होतंय, याचा आनंद काय सांगू!

तर ऐक. तू कॉलेजात शिकतेस त्या भाषांमध्ये दहा आकडे दुप्पट करायचे तर एकेका आकड्यापाशी जावं लागतं. या भाषांमध्ये अख्ख्या यादीला एकदाच सांगायचं: दुप्पट हो. एपीएल ही यांतली थोरली. तिची चिन्हं तुझ्या कीबोर्डवर नाहीत, पण एकदा डोळ्यांत बसली की पानभर काम एका ओळीत मावतं. ‘जे’, म्हणजे इंग्रजी अक्षर J, ही तिचीच धाकटी, पण साध्या कीबोर्डची. चिन्हांच्या जागी टिंबं आणि विसर्गासारखे दोन ठिपके. वाचताना सुरुवातीला डोकं दुखतं. ‘के’, म्हणजे K, सगळ्यांत काटकसरी. मोजकी चिन्हं, आणि तक्ता म्हणजे याद्यांची यादी, बस्स. आणि बीक्यूएन सगळ्यांत नवी. थोरलीच्या सवयी नीट घडी घालून ठेवल्यासारखी. चौघींतही हिशेब उजवीकडून सुरू होतो. दहा वजा दोन वजा तीन म्हटलं तर उत्तर अकरा येतं. करून बघ, मजा वाटेल.

मी पुण्यात एपीएल शिकले होते आणि इथं आल्यावर हातात ‘जे’ पडली. विजेच्या मागणीचे रोजचे आकडे होते. मला पहिला दिवस हवा होता, मी लिहिलं एक. एपीएलमध्ये मोजणी सहसा एकपासून, ‘जे’मध्ये मात्र शून्यापासून. तीन दिवस माझा प्रत्येक आलेख एक दिवस पुढं सरकलेला, आणि ते भर मीटिंगमध्ये निघालं. कान तापले माझे. नोकरी जाते की काय, असं वाटलं. साहेब शांतपणे म्हणाले, इथं शून्यापासून मोजतात. घरी येऊन मी रडले आणि नंतर ती भाषा नव्यानं शिकायला बसले. ‘के’ आणि बीक्यूएनही शून्यापासूनच मोजतात, तेवढं ध्यानात ठेव.

परवा व्हिडिओ कॉलवर तू नव्हतीस. अण्णांना म्हटलं, आज सांगतेच माझं काम. आई तिफणीच्या चाड्यात एक मूठ सोडते आणि दाणे तीन नळ्यांतून तीन तासांत, म्हणजे पेरणीच्या तीन ओळींत पडतात ना, तसं. एक हुकूम, आणि सगळ्या ओळी एकदम.

"म्हंजी तिफण हाकतीस की," अण्णा म्हणाले. "आधीच सांगायचं की मग."

एवढं सोपं होतं बघ. मला इतका हुरूप आला की शून्याची फजितीही सांगून टाकली. अण्णा म्हणाले, "धुऱ्याकडचं पयलं तास पाखरांचं. ते पेरायचं, पर मोजायचं न्हाय, मोजणी फुडच्यापासनं. हे तर तू घरातनं शिकून गेलीस. मग चुकलीस कशी गं?"

खरंच की. लहानपणी आपण दोघी बांधावरून तासं मोजायचो, तेव्हा पहिल्याला नंबरच नसायचा, म्हणजे ते शून्यच. तू चुकून त्याला एक म्हणालीस की मीच तुला रागवायचे.

‘जे’पासून सुरू कर. तुझा जुना लॅपटॉप पुरेल. अडलीस की फोन कर, आणि अण्णांनाही विचार, हसू नकोस.

घराची आठवण येते का, असं आई दर वेळी विचारते. तिला सांग, रोज सकाळी कामाला बसले की पहिला आकडा मागायला मी शून्य लिहिते, आणि तेवढ्यापुरती आपल्या धुऱ्यावर उभी असते.